बांधणाऱ्याची नजर

१९४१ साली गांधीजींनी सेवाग्रामहून हेन्री फोर्डला एक चरखा भेट पाठवला. त्या वर्षी जुलैत फोर्डने त्यांच्या कार्याबद्दल आदर व्यक्त करणारं छोटंसं पत्र लिहिलं होतं, त्याला हे उत्तर होतं. सही केलेला हा चरखा पत्रकार टी. ए. रामन यांच्यामार्फत डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नला पोचला. ही हकीकत सांगणारे बहुतेक जण त्यातल्या विरोधाकडे बोट दाखवतात. एकीकडे मोटारींचा सगळ्यात मोठा कारखानदार, दुसरीकडे कारखानदारीचा सगळ्यात कठोर टीकाकार. मला त्यात विरोधापेक्षा साम्य मोठं दिसतं. दोघांनीही आपापली वस्तू स्वतःच्या हातांनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत केली होती. ४ जून १८९६ च्या पहाटे फोर्डची पहिली गाडी घरामागच्या शेडमध्ये तयार झाली, तेव्हा ती दारातून बाहेर निघेना. त्याने कुऱ्हाडीने भिंतीच्या विटा पाडल्या आणि गाडी रस्त्यावर काढली. सायकलसारखी चार चाकं, दोन सिलिंडरचं इंजिन आणि मागे जाण्याची सोयच नाही, अशी ती गाडी होती. गांधीजींनीही चरखा नुसता पुरस्कारला नाही. पिंजणं, पेळू वळणं, सूत काढणं हे सगळं शिकून घेतलं आणि मग त्यावर बोलले.

ज्याने स्वतः गाडी बांधली त्याला दुसऱ्यांच्या गाड्या पूर्वीसारख्या दिसत नाहीत. हे सगळेच सांगतात, पण त्या कशा दिसू लागतात आणि त्याने काय साधतं, हे फारसं कोणी सांगत नाही. बहुतेकांच्या लेखी हा हौशी लोकांचा मामला आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. ही नजर नागरिकाला लागते, मतदाराला लागते, प्रवाशाला लागते. वर्धा जिल्ह्याने ती फार पूर्वी ओळखली होती आणि ती घडवण्याची रीतही शोधली होती. ती रीत आपण सुतापाशीच थांबवली, याची मला खंत आहे.

आधी ती नजर म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहू.

अभियांत्रिकीच्या मुलांसाठी बाहा नावाची स्पर्धा असते. भारतात ती २००७ पासून चालू आहे आणि मध्य प्रदेशातल्या पीथमपूरची धावपट्टी हे तिचं जुनं ठिकाण. मुलांनी एका माणसाची, खडबडीत जमिनीवर चालणारी गाडी स्वतः आखायची आणि स्वतः बांधायची. इंजिनाच्या गाड्यांत सगळ्या चमूंना इंजिन एकाच जातीचं, दहा अश्वशक्तीच्या आसपासचं. त्यामुळे ताकदीचा तोरा चालत नाही, जे काही करायचं ते बांधणीत. चालकाभोवतीच्या पिंजऱ्याची मुख्य नळी कशी असावी हे नियमपुस्तकात लिहिलेलं असतं. बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर, पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के, नाहीतर तितक्याच ताकदीची दुसरी नळी. चारही चाकं ब्रेकने एकदम जाम झाली पाहिजेत. पट्टे बांधून बसलेल्या चालकाला पाच सेकंदांत गाडीबाहेर पडता आलं पाहिजे. शेवटी चार तासांची अखंड शर्यत असते आणि तिच्यात बऱ्याच गाड्या मोडतात.

वर्धा-नागपूर पट्ट्यातल्या मुलांना अशा गाड्या बांधताना मी पाहिलं आहे. शेडच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात उभं राहवत नाही, तरी ती रात्री उशिरापर्यंत तिथेच असतात. दोन गोल नळ्या एकमेकींना काटकोनात जोडायच्या, एवढं साधं काम घ्या. एका नळीचं तोंड दुसरीच्या गोलाईवर नीट बसायचं तर ते माशाच्या तोंडासारखं कोरावं लागतं. नळीभोवती कागद गुंडाळून खूण करायची, ग्राइंडरने घासायचं, लावून पाहायचं, उजेडाकडे धरायचं. फट दिसली की पुन्हा घासायचं. फट तशीच ठेवली तरी वेल्डिंगची रॉड ती भरून काढते, आणि वरून जोड चांगला देखणा दिसतो. पण गाडी खड्ड्यात आदळली की तडा तिथेच जातो. असा एक जोड तुटलेला ज्याने हातात धरून पाहिला, तो पोरगा पुढे रस्त्यात उभी असलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पाहून वाकतो. ट्रॅव्हल्सच्या टपावरचा सामानाचा कठडा पाहतो, शाळेच्या व्हॅनच्या सीटखालचे बोल्ट पाहतो, आणि सोबतच्याला विचारतो, “हे असं काहून केलं असन रे?” या प्रश्नात तक्रार असते, कुतूहल असतं, आणि करणाऱ्याचीही काही अडचण असेल अशी समजही असते.

दुसरं उदाहरण वळणाचं. गाडी वळते तेव्हा आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. दोन्ही पुढची चाकं सारखीच वळवली तर त्यातलं एक रस्त्यावर घासत जातं. म्हणून आतलं चाक बाहेरच्यापेक्षा थोडं जास्त वळेल अशी स्टेअरिंगच्या दांड्यांची मांडणी करतात. पुस्तकात ही आकृती प्रत्येकाने काढलेली असते, आणि परीक्षेत तिचे मार्कही मिळालेले असतात. पण स्वतःच्या गाडीचं टायर वळणावर कर्र आवाज करत झिजायला लागतं, तेव्हा ती आकृती कळते. मग काही दिवस हा मुलगा वर्ध्याच्या बजाज चौकात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीची वळवून ठेवलेली चाकं न्याहाळतो. आजवर त्याला गाडीचा रंग, नाव आणि किंमत दिसायची. आता कोन दिसतो.

यात एक गोष्ट घडते, ती बाहेरून पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. गाड्यांची प्रतिष्ठेची उतरंडच उलटी होते. दारं नाहीत, काचा नाहीत, छप्पर नाही, बसणारा एकटा, आणि तरी गाडीचं वजन दीड-दोनशे किलोंच्या खाली आणताना या मुलांची दमछाक झालेली असते. प्रत्येक पट्टी, प्रत्येक बोल्ट काट्यावर चढलेला असतो. मग जुनी मारुती ८०० त्यांच्यासमोर येते. चार माणसांची जागा, चार दारं, काचा, सुटं चाक, आणि सगळं मिळून वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. ज्या गाडीवरून काल थट्टा व्हायची, तिच्याभोवती ही मुलं फेरी मारतात आणि कोणी, कुठे, किती विचार केला असेल ते शोधतात. उलट लाखोंची मोठी गाडी समोर आली तर तिचा मोठा पडदा आणि सीटचं चामडं त्यांना भुलवत नाही. हेडलाइटचा साधा बल्ब बदलायला पुढचा बंपर उतरवावा लागतो, हे त्यांना आधी दिसतं.

म्हणजे आदर वाढतो आणि तक्रारही वाढते, आणि दोन्ही एकाच अनुभवातून येतात. गाडी बांधलेला माणूस “ही भारी, ती भंगार” असं बोलत नाही. तो म्हणतो, इथे त्यांनी वजन वाचवलं ते योग्य. तिथे पैसे वाचवले, ते माणसाच्या जिवावर. असा निवाडा विकत घेणाऱ्याला एरवी कोण शिकवणार? जाहिरात शिकवणार नाही. शोरूममधला विक्रेता शिकवणार नाही, त्यालाही तो कोणी शिकवलेला नसतो. आणखी एक बदल मला फार मोलाचा वाटतो. गॅरेजमधल्या मिस्त्रीशी ही मुलं वेगळ्या आवाजात बोलायला लागतात. ब्रेकच्या नळीत हवा अडकली की पेडल स्पंजासारखं दबतं. ती हवा काढायला एकाने पेडल मारायचं आणि दुसऱ्याने खाली पडून नट ढिला करायचा, नेमक्या क्षणी आवळायचा. हे ज्याने केलं त्याला मिस्त्रीच्या काळ्या हातांत किती शिक्षण साठलेलं आहे ते कळतं, आणि मग त्याला “ए” म्हणून हाक मारवत नाही.

आता वर्ध्याकडे येतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या अहवालातून जी योजना पुढे आली ती देशभर वर्धा योजना म्हणून ओळखली गेली. हस्तोद्योग हा शिक्षणाचा एक विषय नव्हे, हस्तोद्योगातूनच गणित, भूगोल, इतिहास, भाषा शिकवायची, हा तिचा गाभा. हीच नई तालीम; तिच्या मंडळींनी या जोडणीला समवाय म्हटलं. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी आयुष्य वेचून ती रीत चालवली. तेव्हापासून आजपर्यंत योजनेवरची टीका एकाच मुद्द्याभोवती फिरली: शाळेचा खर्च मुलांच्या कमाईतून निघावा हे बालमजुरीसारखं नाही का? ती टीका गैरलागू नव्हती. पण तिच्या गदारोळात दुसरी गोष्ट मागे पडली. कपाशीचं बोंड वेचण्यापासून कापडापर्यंत सगळा प्रवास ज्या मुलाने हाताने केला, त्याची जगातल्या सगळ्या कापडाकडे पाहण्याची नजर बदलते. तकलीवर सूत कातलेला माणूस दुकानात कापड हातात घेतो, कडेचा एक धागा ओढतो, अंगठा आणि बोटामध्ये त्याचा पीळ उलटा सोडवतो आणि तंतू किती लांब आहेत ते पाहतो. मग तो भाव विचारतो. या जिल्ह्यात कापूस पिकतो, हिंगणघाट आणि पुलगावला कापडगिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीच्या कापडाला नावं ठेवायची तर त्या कापडातलं काय बरं आहे हेही माहीत असावं लागतं, आणि ते कातणाऱ्याला माहीत असे. मला नई तालीमचं खरं सामर्थ्य इथे दिसतं. तिथे कारागीर घडत होते, आणि त्याहून जास्त म्हणजे जाणता गिऱ्हाईक घडत होता.

गांधीजी यंत्राच्या विरोधात होते, असं म्हणून हा विषय बाजूला सारणाऱ्यांना १९२९ ची आठवण द्यायला हवी. त्या वर्षी चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हिंदुस्थानात बनावा, किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी. खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावा, बाईमाणसाला सलग आठ तास फार दमणूक न होता चालवता यावा. त्या आठ तासांत १६,००० वार सूत निघावं. यंत्र वीस वर्षं टिकावं, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही, पण अटींचं मोल त्याने कमी होत नाही. एखाद्या यंत्राकडून काय मागावं हे ज्याला स्वतःच्या बोटांनी कळलेलं आहे, त्यानेच हा कागद लिहिलेला आहे. टिकाऊपणा किती, दुरुस्ती कितीला, चालवणाऱ्याच्या पाठीवर ताण किती, हे सगळं त्यात आहे. आज आठ-दहा लाखांची मोटार घेताना आपल्यापैकी किती जण हे तीन प्रश्न विचारतात?

१९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी तो उभा केला, तिथेही हीच वृत्ती होती. झवेरभाई पटेलांनी तेलघाणीवर काम केलं. जुनी घाणी कुठे घासते, बैलाची ताकद कुठे वाया जाते हे पाहून तिच्यात सुधारणा केल्या, आणि ती वर्धा घाणी या नावाने दूरवर गेली. मगन संग्रहालय १९३८ पासून हे सगळं मांडून बसलेलं आहे. तिथे शाळेच्या सहली येतात, मुलं रांगेने पाहतात आणि बाहेर पडतात. काचेपलीकडची वस्तू पाहून ती नजर येत नाही. ती हाताला घट्टे पडल्यावर येते.

इथे एक साधा आणि रास्त आक्षेप येतो. सगळ्यांनी गाड्या बांधायच्या की काय? श्रमविभागणीनेच तर वस्तू स्वस्त झाल्या. शिवाय पोळी करता येत नसली तरी ती करपली हे जिभेला कळतंच. कळतं, पण करपलेली पोळी लगेच कळते. गाडीचा कच्चा जोड अपघाताच्या दिवशी कळतो. जिथे चूक दिसायला वर्षं जातात आणि दिसते तेव्हा माणूस जातो, तिथे जिभेवर भरवसा ठेवून चालत नाही.

आणि सगळ्यांनी बांधायची गरजही नाही. आपल्याकडच्या बैलबंडीचं उदाहरण घ्या. शेतकरी स्वतः चाक करत नसे, सुतार करी. पण बाभळीचं लाकूड शेतकऱ्याच्या बांधावरचं असे, ते किती वाळलं हे त्याला ठाऊक असे. तुंब्यात आरे ठोकताना तो समोर बसलेला असे. धाव चढवण्याच्या दिवशी तर पाच-दहा माणसं लागत. लोखंडी कडं गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचं, सांडशांनी धरून लाकडी चाकावर बसवायचं, लाकूड पेट घेण्याच्या आत पाणी ओतायचं. लोखंड आकसे, आरे कुरकुरत आत दाबले जात आणि चाक कायमचं आवळलं जाई. हे पाहत वाढलेल्या पोराला चांगली बंडी आणि फसवी बंडी यातला फरक सांगावा लागत नसे. गावात बांधणारा एक होता, पण पारख शंभरांना होती, कारण बांधणी डोळ्यांसमोर होत होती. एका माणसाने पूर्ण वस्तू करणं आणि बाकीच्यांनी त्याच्या आसपास असणं, एवढ्यावर ही नजर पसरते.

मोटारीच्या बाबतीत हे आसपासपण संपलं, आणि ते संपवण्यात फोर्डचाच वाटा मोठा आहे. १९१३ साली त्याच्या हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली. जिथे एका गाडीचा सांगाडा जुळवायला साडेबारा तास लागत, तिथे तो काही महिन्यांत दीड तासावर आला. गाडी स्वस्त झाली, शेतकऱ्याच्या अंगणात आली, हे उपकार खरेच आहेत. पण त्या रांगेत उभा असलेला कामगार दिवसभर तोच एक नट आवळत होता. गाड्या बनवणाऱ्या हजारो माणसांपैकी गाडी बनवता येणारा विरळा झाला. शेडची भिंत फोडून गाडी बाहेर काढताना फोर्डला जे कळलं होतं, ते कळण्याची संधी त्याने आपल्या कामगारांना ठेवली नाही. तरी फोर्डची ती मॉडेल टी उघडी होती. पाना आणि हातोडी घेऊन अमेरिकेतला शेतकरी ती दुरुस्त करी, तिच्यावर पट्टा चढवून करवतही चालवी. पुढच्या काळात तीही सोय आटत गेली. आता बॉनेट उघडलं की काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं, आणि त्याखाली काय दुखतंय हे कंपनीच्या संगणकाशिवाय सांगता येत नाही.

हे आपोआप झालं असं मानायचं कारण नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं खुल्या बाजारात मिळू न देणं, हा त्यातला मुख्य ठपका. कंपन्या अपिलात गेल्या, दंड सगळा जसाच्या तसा टिकला नाही, तो वेगळा भाग. पण रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याला काय भोगावं लागतं ते एका सरकारी आयोगाने लिहून ठेवलं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे. हक्क कागदावर आला हे चांगलंच. मात्र आपल्याकडून काय हिरावलं गेलं हे ज्याला माहीत नाही, तो हक्क मागणार कसा? बॉनेट उघडून आत हात न घातलेल्या ग्राहकाला बंद झाकण खटकतच नाही. ते त्याला स्वच्छ आणि आधुनिक वाटतं.

आता सगळ्यात जड गोष्ट. समृद्धी महामार्ग आमच्या सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून जातो. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. त्यात वर्ध्याचेही प्रवासी होते, आणि त्यांचे नातेवाईक पुढे कित्येक दिवस वर्ध्यात उपोषणाला बसले होते. बस डाव्या अंगावर पडली आणि दार खाली दबलं. जे वाचले त्यांतल्या काहींनी काच फोडून वाट केली. दोष कोणाचा हे ठरवणं माझं काम नाही. मला एवढंच विचारायचं आहे: त्या बसमध्ये, किंवा आपण ज्या बसमध्ये दर आठवड्याला बसतो तिच्यात, चढताना किती जणांनी मनात म्हटलं असेल, ‘ही या बाजूला पडली तर मी कुठून निघू?’ पट्टा सोडून पाच सेकंदांत बाहेर पडण्याची चाचणी ज्याने स्वतः दिली आहे, तो हा प्रश्न कोणत्याही वाहनात बसताना विचारतो. मागचं आपत्कालीन दार सामानाने अडवलं आहे का, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, हे त्याचे डोळे आपसूक पाहून घेतात. बाहाच्या एका मुलाने बसवाल्याला मागच्या दारासमोरच्या गोण्या हलवायला लावलेलं मी पाहिलं आहे. बाकीचे प्रवासी उशीर होतो म्हणून त्याच्यावरच चिडले होते. एका बसमध्ये असे पाच-सहा जण असते, तर त्या गोण्या तिथे ठेवायची कोणाची हिंमत झाली नसती. तपासणी अधिकारी वर्षा-दोन वर्षांतून एकदा गाडी पाहतो. प्रवासी रोज पाहतो, पण त्याला पाहायला शिकवलेलं नाही.

एवढं सगळं मान्य केलं तरी स्वतः गाडी बांधायला कायदा आडवा येतो, आणि काही अंशी त्याने यावंही. महाराष्ट्रात स्वतः गाडी बांधणाऱ्यांची परंपरा नवी नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ साली आपल्या छोट्या मोटारीचं पहिलं रूप रस्त्यावर आणलं. पुढची पंचवीस-तीस वर्षं ते तिला सुधारत राहिले. मीरा हे त्या गाडीचं नाव. सामान्य माणसाला साधारण बारा हजार रुपयांत मोटार मिळावी एवढं त्यांचं मागणं होतं. परवान्यांच्या त्या जमान्यात ती बाजारापर्यंत पोचलीच नाही. अलीकडे, २०२१ च्या अखेरीस, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव असलेल्या देवराष्ट्र्यातल्या एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थाने जुन्या भागांतून, सुमारे साठ हजार रुपये खर्चून, किक मारून सुरू होणारी चारचाकी बांधली. आनंद महिंद्रांनी त्यांना त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो दिली, आणि ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या तिला थांबवलं जाईल, हेही सांगितलं. सगळ्या महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या. मलाही आनंद झाला, पण एक गोष्ट टोचत राहिली. बांधणाऱ्याचं कौतुक करायचं तर आपल्याला त्याच्या हातातून त्याची गाडी काढून घेऊन दुसऱ्याची द्यावी लागली. दुसरा मार्गच नव्हता.

रस्ता सगळ्यांचा आहे, म्हणून वाटेल ते चाकांवर घालून आणायला मोकळीक नको, हे मलाही पटतं. मूळ कंपनीच्या रचनेपासून वाहनात बदल करण्यावर सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली. कर्णकर्कश सायलेन्सर लावून गावभर फिरणाऱ्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. त्याला बांधणी म्हणत नाहीत, तो दिखावा आहे. पण ब्रिटनमध्ये एकट्याने बांधलेल्या एका गाडीची तपासणी करून तिला क्रमांक देण्याची सरकारी व्यवस्था आहे. तिथे १९५७ च्या लोटस सेव्हनपासून लोक सुटे भाग आणून घरी गाड्या जुळवत आले, आणि ब्रेक, दिवे, धूर, धारदार कडा असं सगळं तपासून त्या रस्त्यावर येतात. आपली व्यवस्था मात्र कारखान्यासाठी बेतलेली आहे. नमुना मंजूर करून घ्यायचा आणि मग हजारो काढायच्या. ज्याला एकच काढायची आहे त्याला तीत दार नाही.

असं दार उघडता येतं, हे आपणच दाखवून दिलं आहे. २०१४ साली ई-रिक्षा आणि ई-कार्टसाठी मोटार वाहन नियमांत वेगळा वर्ग केला गेला. कमाल वेग ताशी २५ किलोमीटर, प्रवासी चार, माल ठरावीक मर्यादेपर्यंत. वेग कमी, म्हणून अटी त्या मानाने सोप्या. हाच धागा पुढे नेता येईल. स्वतः किंवा संस्थेत बांधलेल्या एकेका वाहनासाठी कमी वेगाचा स्वतंत्र वर्ग असावा, महामार्ग त्याला बंद, गावचे आणि पांदणीचे रस्ते खुले. आमच्या जिल्ह्यातल्या आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना, आणि सेवाग्राम परिसरातल्या शाळांना दरवर्षी एक पूर्ण वाहन बांधायला द्यावं. शर्यतीचं नको. शेतातून कापसाची गाठोडी जिनिंगपर्यंत नेणारी बॅटरीची छोटी गाडी पुरे. चासीपासून ब्रेकपर्यंत सगळं त्याच हातांनी व्हावं, आणि ते गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर, उघड्या शेडमध्ये व्हावं. अटींचा कागदही मुलांनीच लिहावा, १९२९ च्या कागदासारखा: किंमत किती, टिकेल किती, दुरुस्ती कितीला पडेल, बाईमाणसाला चालवता येईल का, आणि उलटली तर चालक कुठून निघेल. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकाने त्या कागदावर बोट ठेवून एकेक कलम तपासावं, नापास केलं तर कारण लिहून द्यावं आणि मुलांनी पुढच्या महिन्यात पुन्हा यावं.